जामीनदाराचा सातबारा

नात्यातल्या आरोपीला जामीन राहणे म्हणजे तो तारखेला कोर्टात उभा राहील, याची पैशातली हमी देणे. भाट्ये ते रत्नागिरी कोर्ट अंतर फार नाही, काजळी नदीवरचा पूल ओलांडला की शहरच. सातबारा आणि मागितल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला पिशवीत घालून काका-मामा निघतात. घोळ सातबाऱ्यातच असतो. आजोबांपासूनची नावे तशीच, निम्मे वारस मुंबईला, वाटप कधी झालेलेच नाही. हिस्सा एकाचा असला तरी कोर्टाच्या सांगण्यावरून ‘इतर हक्कां’त बोजा चढला, की कर्ज काढताना वा नारळाची वाडी विकताना सगळ्याच भावकीची अडवणूक होते, सह्यांवरून वैर धरणाऱ्या कोकणात हे काही लहान प्रकरण नव्हे. आरोपी पळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९१ लागते: बंधपत्र जप्त, मग कारणे दाखवा नोटीस, मग दंडासारखी वसुली. तीही झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग होऊ शकतो. जबाबदारी मात्र बंधपत्रातल्या रकमेपुरती. तिच्यातही कोर्ट कारणे नोंदवून सूट देऊ शकते. पुतण्याचे लक्षण ठीक दिसेना, तर कलम ४८९ खाली मोकळे होण्याचा अर्ज करता येतो. पण अर्ज होताच त्याच्यावर वॉरंट निघते आणि दुसरा जामीनदार न मिळाल्यास त्याची रवानगी तुरुंगात होते, म्हणून नात्यात हा अर्ज बहुधा उशिराच पडतो.