पाण्याची नळी, जमिनीखाली

गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतो, हे आपण पाहिलेच आहे. तीच युक्ती जमिनीखालीही चालते. रस्ता न फोडता सांडपाण्याचे अरुंद पाइप घालताना पुढे यंत्र माती कोरते, मागून खड्ड्यातले जॅक पाइप रेटतात. सरळ मार्गाला खड्ड्यातला लेसर पुरतो. वळणावर तो अडतो. मग पाइपातच कोन-अंतर मोजणारे स्वयंचलित टोटल स्टेशन बसवतात. पण पाइपांबरोबर तेही सरकते! म्हणून ते वरचेवर मागे वळून खड्ड्यातल्या पक्क्या खुणांवरून आपली जागा तपासते, मगच यंत्राची दिशा सांगते. लांब मार्गावर उंचीसाठी मात्र पाण्याची नळीच, फक्त सेन्सर लावलेली. उतार बिघडला, तर सांडपाणी तुंबून घरात उलटेल. पाणी म्हणा की नीरु, पातळी खोटे बोलत नाही.