पुनरागत विज्ञानमालिका आणि प्रेक्षकाचे स्मरण

विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिका पुन्हा अवतरते तेव्हा प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेत विज्ञानाची चिकित्सा क्वचितच आढळते. आढळतो तो स्मृतीचा हक्क. १९७८ साली अमेरिकेत सुरू झालेली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' वर्षभरातच थांबली. २००३ मध्ये ती नव्या रूपात परतली, तेव्हा स्टारबक हा वैमानिक स्त्री झाला होता. जुने चाहते संतापले. मूळ भूमिका करणाऱ्या डर्क बेनेडिक्ट यांनीही लेख लिहून नापसंती नोंदविली. वस्तुतः यंत्ररूप सायलॉन आता मानवी देहाने माणसांत वावरू लागले होते. कथेच्या गाभ्यातील हा बदल कितीतरी मूलगामी; रोष मात्र प्रामुख्याने स्टारबकच्या स्त्रीत्वावर!

हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते खरी, पण अपुरीही ठरते. याउसचा वाचक कलाकृतीला सामोरा जातो. हा प्रेक्षक तिचा वारस म्हणून समोर बसलेला असतो. (संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदयाशी त्याचे नाते जुळविणे तर अधिकच अवघड.) तथापि त्याच्या रोषाची अरसिकता म्हणून बोळवण करणे अन्यायाचे होईल. बंद पडलेली ती कथा जवळजवळ पंचवीस वर्षे जिवंत राहिली, त्यात त्याचा वाटा मोठा होता. आणि नव्या मालिकेने जुने नाव उचलले ते त्याच्याच स्मरणाच्या भरवशावर.