राखणदाराला आकडी आली तर

आखाड्यावरचे कुत्रे एकाएकी आडवे पडून पाय झाडू लागले, तोंडाला फेस आला, की ‘पिसाळले’ म्हणून काठी उचलू नका. ती आकडी असू शकते. नाकाशी कांदा-चप्पल धरू नका. तोंडात हात किंवा पाणी घालू नका. जवळची अवजारे बाजूला करा, घड्याळ पाहा. आकडी 5 मिनिटांत थांबली नाही, वा लागोपाठ आली, तर तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कपाशीचे फवारणीचे औषध, उंदराचे विष पोटात गेल्याचा संशय असल्यास तसे सांगा. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या तर बीडहून ऊसतोडीला जातानाही बरोबर न्या. एकदम बंद केल्यास आकडी बळावते. मात्र कुत्रे चावले, लाळ जखमेला लागली, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.