पाच सह्या, एकच घर

नऊ चाव्या. त्यातल्या पाचांची सही झाली की तिजोरी उघडते. मार्च २०२२मध्ये 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' गेमच्या रोनिन ब्रिजची व्यवस्था अशी होती. नऊपैकी चार व्हॅलिडेटर एकट्या स्काय मेविसचे, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीचेच. पाचवा अ‍ॅक्सी डाओचा. नोव्हेंबर २०२१मध्ये गर्दी वाढली म्हणून डाओने कंपनीला आपल्या वतीने सही करायची मुभा दिली. डिसेंबरमध्ये गरज संपली, मुभा काढायची राहिली. हॅकर कंपनीत घुसले आणि त्यांना पाचही सह्या एकाच घरात सापडल्या. १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींवर डॉलर गेले. सहा दिवस कुणाला पत्ता नाही! एका ग्राहकाला पैसे काढता येईनात, तेव्हा कळलं.

आमच्या धंद्यात याला 'इन्सिडेंट' म्हणतात. पतपेढीच्या संचालकाने कोऱ्या चेकवर सही करून ठेवली आणि पैसे गेले, तर गावात त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

यावर मित्र म्हणतात, 'अरे, स्लॅशिंग असतं ना!' असतं. इथेरियमवर व्हॅलिडेटर व्हायला किमान ३२ इथर अडकवावे लागतात. एकाच वेळेसाठी दोन वेगळ्या ब्लॉकवर सही केली, की त्यातले काही कापले जातात आणि हकालपट्टी होते. पण स्लॅशिंगला फक्त सह्या दिसतात. रोनिनमधल्या पाचही सह्या गणिताच्या दृष्टीने अस्सल होत्या. हलगर्जीपणा पकडणारं गणित नाही. उलट इथेरियमवर आजवर स्लॅश झालेले बहुतेक जण लबाड नव्हतेच. एकच चावी चुकून दोन मशीनवर चालवणारे होते. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रोनिनने नंतर पाचाची अट आठवर नेली, लोकांचे पैसेही भरून दिले. ठीक. पण आठही सह्या एकाच घरात असल्या तर?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चावी कुणाच्या हातात आहे ते नावानिशी जाहीर करा. एका मालकाच्या चार चाव्या असतील, तर मत एकच मोजा. चावी निष्काळजीपणे दुसऱ्याला दिली, तर नुकसानीचा पहिला वाटा त्या व्हॅलिडेटरच्या अनामतीतून कापा. हलगर्जीपणा झाला की नाही हे माणसांना बसून ठरवावं लागेल, 'कोड इज लॉ'वाल्यांना ते कितीही खटकलं तरी. आणि उसन्या सहीला मुदत घाला. साध्या अ‍ॅपच्या लॉगिन टोकनलासुद्धा आम्ही ती घालतो.