इंजिन कुणाचं, हे आधी बघा

जुना ट्रॅक्टर घेताना आपण टायर बघतो, हायड्रॉलिक किती उचलतं ते बघतो, रंग बघतो आणि भावाला बसतो. इंजिन एका झटक्यात चालू झालं की सौदा पक्का. पण बॉनेटखालचं इंजिन त्याच ट्रॅक्टरचं आहे का, हे विचारणारे शेतकरी फार थोडे.

आपल्या ठाणे जिल्ह्यात हे विचारायलाच हवं. कल्याण-डोंबिवलीच्या कडेची बरीच शेती इमारतींखाली गेली. तिथले ट्रॅक्टर कुठे वीटभट्टीवर लागले, कुठे पाण्याच्या टँकरला, आणि तिथून फिरून मुरबाड-शहापूरकडे चिखलणीला आले. इतके हात फिरलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन कधीतरी बदललेलं असणार, असं धरूनच चालावं. इंजिन बदलणं हा काही गुन्हा नाही. ब्लॉक तडकला तर मालक दुसरं बसवणारच. बदल लपवला की मात्र घेणारा फसतो.

नावावर भरवसा ठेवू नये, याचं घरचंच उदाहरण घ्या. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली. १९७७ साली ती महिंद्रमध्ये विलीन झाली. तिचा बी-२७५ जुन्या लोकांना चांगला आठवतो. त्याला चार सिलिंडरचं इंजिन होतं. पुढच्या २७५ डीआय टीयूला तीनच सिलिंडर. दुकानात नुसतं 'दोनशे पंच्याहत्तरचे रिंग-पिस्टन द्या' म्हटलं तर काय हाती पडेल? ऐन लावणीत इंजिन खोलून पडलंय आणि सामान जुळत नाही, म्हणजे चार दिवस गेले. शेजाऱ्याचं आवण लागून जातं आणि आपलं रोप वयात येऊन पिवळं पडतं.

ओळखायचं कसं? पहिली गोष्ट, पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या नळ्या मोजा. जितक्या नळ्या तितके सिलिंडर. एचएमटी २५११ ला दोन, मॅसी १०३५ आणि फोर्ड ३६०० ला तीन. जुन्या एका सिलिंडरच्या आयशरला हवेवर थंड होणारं इंजिन, त्याला रेडिएटरच नसतो.

दुसरी गोष्ट, नंबर. ब्लॉकवर दोन जातीचे आकडे असतात. उठावाचे आकडे ओतकामाच्या साच्यातून येतात. तेच आकडे त्या साच्याच्या शेकडो ब्लॉकवर सापडतील, त्यावरून फक्त जात कळते. त्या इंजिनाचा स्वतःचा नंबर ठोकून उमटवलेला असतो. आरसी बुकातल्या नंबराशी जुळवायचा तो हाच. तिथे ग्राइंडरचे ओरखडे, ताजा रंग किंवा पाटीला नवे रिव्हेट दिसले तर सौदा तिथेच थांबवा.

तिसरी गोष्ट, जोड. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन हाच सांगाडा, पुढचा एक्सल त्यालाच बोल्टने जोडलेला. दुसऱ्या कामाचं इंजिन हा भार पेलत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना चॅनेल वेल्ड करतात. असे चॅनेल, बेलहाउसिंगला मध्येच घातलेली जाड प्लेट, कापलेलं बॉनेट किंवा पत्र्याचं ऑइल चेंबर दिसलं की समजा, इंजिन बाहेरचं आहे. जनरेटरचं इंजिन तर बहुधा एकाच वेगाला, मिनिटाला १५०० फेऱ्यांना, बांधलेलं असतं. तसंच बसवलं तर पीटीओच्या ५४० फेऱ्यांचा हिशोब बिघडतो आणि रोटाव्हेटर नीट चालत नाही.

आता कागदाचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात हवी. आधी मंजुरी घेतली नसेल तर बदलापासून १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. 'शेतातलंच वाहन, कोण बघतंय' असं पुष्कळजण म्हणतात. पण नोंदणीला १५ वर्षं झाली की नूतनीकरणासाठी वाहन तपासणीला न्यावं लागतं, आणि अपघात झाला की विमा कंपनी आधी नंबरच जुळवते. त्यात ते इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस विचारणार शेवटच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला.

माझं मत असं की सगळा बोजा एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. गावात स्टॅम्प पेपरवर सौदा होतो तेव्हा ग्रामपंचायतीची माणसं बरेचदा साक्षीला असतात. त्यांनी चासी आणि इंजिन असे दोन्ही नंबर लिहिल्याशिवाय सही करू नये. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतात, तसाच इंजिनाचाही घ्यावा. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच बैठकीत भरून घ्यावेत. परिवहन कार्यालयाने खरिपाआधी मुरबाड आणि शहापूरला एकेक दिवस शिबिर घेऊन जुन्या बदलांच्या नोंदी करून द्याव्यात. कल्याण-ठाण्याला ट्रॅक्टर नेण्यात डिझेल आणि दिवस दोन्ही जातात, म्हणून नोंदी राहून जातात. आमच्या खात्यानेही औजारांच्या कार्यक्रमात बियाणं-खताबरोबर ही माहिती द्यायला हवी.

तोवर एवढं करा. सौद्याला जाताना ओळखीचा मेस्त्री, बॅटरी आणि वायर ब्रश बरोबर न्या. ब्लॉकवरचा चिखल, ग्रीस खरवडा आणि नंबर स्वतः वाचा. मालक खरा असेल तर त्याला राग यायचं कारण नाही. इंजिन बदललेलं निघालं तर आधी त्याच्या नावावर नोंद करून घ्यायला सांगा, मगच पैसे मोजा.