डिकीचे झाकण कशावर उभे आहे?

गाडी मॉडिफाय करून घेण्याचा शौक आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. कुणी डिकीवर स्पॉयलर चढवतो, कुणी आत मोठे स्पीकर बसवतो, कुणी मागचे हँडल आणि लॉक काढून झाकण गुळगुळीत करून घेतो. काम झाले की रंग कोणता, खर्च किती, हे सगळे विचारतात. उघडलेले झाकण कशाच्या जोरावर उभे राहते, हे कुणी विचारत नाही. त्या झाकणाखाली मात्र रोज कुणाचे तरी डोके असते. कधी ईदची खरेदी बाहेर काढणारी अम्मी असते, कधी बॅट-बॉल शोधणारा मुलगा, तर कधी वायरिंग करायला आत वाकलेला गॅरेजमधला शागीर्द.

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, गाड्यांच्या सामानावर आणि दुरुस्तीवर आपल्या कितीतरी घरांची रोजी चालते. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे. झाकण तोलून धरण्याचे चार प्रकार आहेत. ते एकेक करून पाहू.

पहिला प्रकार म्हणजे साधी सळई. बॉनेटला असते तशीच. झाकण हाताने उचलायचे, सळई खाचेत अडकवायची. स्वस्त, हलकी आणि वर्षानुवर्षे न बिघडणारी. तिच्यात गॅस नाही, स्प्रिंग नाही, त्यामुळे तिचा जोर कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. गैरसोय एवढीच की दोन्ही हात लागतात. एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात पिशवी असलेल्या बाईला ती कामाची नाही. खाच उथळ असेल तर वाऱ्याच्या झोताने किंवा धक्क्याने सळई निसटतेही. म्हणून खाच खोल हवी आणि सळईचे टोक वाकवलेले हवे.

दुसरा प्रकार टॉर्शन बार, म्हणजे पिळाची सळई. अनेक सेडान गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीमागे दोन बारीक पोलादी सळया आडव्या जातात. झाकण बंद करताना त्या पिळल्या जातात आणि उघडताना पीळ सुटून झाकण वर उचलतात. या सळया फार टिकाऊ असतात. कित्येक गाड्यांत पीळ कमी-जास्त करायला दोन-तीन खाचाही असतात. पण या पद्धतीत बिजागरीचे वाकडे हात डिकीत खाली उतरतात, जागा खातात आणि वर रचलेली बॅग दाबतात. शिवाय पिळलेली सळई खाचेतून निसटली तर हाताचे हाड मोडू शकते. योग्य हत्याराशिवाय तिला कुणीही हात लावू नये, शिकाऊ मुलाने तर नाहीच.

तिसरा प्रकार आज सर्वांच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे गॅसचा शॉकर. बंद नळीत खूप दाबाने नायट्रोजन भरलेला असतो आणि थोडे तेल असते. आतल्या पिस्टनला बारीक छिद्र असल्याने दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो. पण दांडीच्या बाजूला गॅसला रेटायला जागा कमी मिळते, म्हणून दांडी बाहेर ढकलली जाते. झाकण अलगद वर जाते, हात मोकळे राहतात. मात्र सील झिजले की गॅस हळूहळू निघून जातो, आणि एक दिवस झाकण अर्ध्यावरून खाली येऊ लागते.

थंडीचाही त्याच्यावर परिणाम होतो. गॅसचा दाब तापमानाबरोबर बदलतो, हे शाळेच्या विज्ञानात आपण शिकलोच आहोत. 40 अंशांच्या उन्हात जो जोर असतो, तो 10 अंशांच्या पहाटे सुमारे एक दशांशाने कमी होतो. मे महिन्यात जेमतेम पुरणारा शॉकर डिसेंबरात दगा देतो तो यामुळे.

चौथा प्रकार विजेच्या मोटरचा. बटण दाबले की झाकण आपोआप उघडते. दिसायला शानदार, पण सगळी भिस्त बॅटरीवर. हौशी गाड्यांत बॅटरी पुष्कळदा डिकीतच हलवलेली असते. ती उतरली की डिकी उघडत नाही, आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीला हात लावता येत नाही! बाहेरून बसवलेला सीएनजी सिलिंडर डिकीत असेल, तर त्याचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्हही तिथेच अडकतो. म्हणून विजेवर उघडणाऱ्या डिकीला आतून ओढता येईल अशी तार हवीच.

आता हिशेब पाहू, कारण चूक इथेच होते. समजा, झाकण 12 किलोचे आहे आणि त्याचा तोल बिजागरीपासून 50 सेंटिमीटरवर आहे. झाकण आडवे असताना 12 गुणिले 50, म्हणजे 600 इतका भार झाला. शॉकरची रेषा बिजागरीपासून 10 सेंटिमीटर लांब असेल, तर 60 किलोचा जोर लागेल. दोन शॉकर असतील तर प्रत्येकी 30 किलो, म्हणजे साधारण 300 न्यूटन. थंडी आणि झीज धरून 350 न्यूटनचा घ्यावा. हा आकडा शॉकरच्या नळीवर छापलेला असतो.

मग आला स्पॉयलर. वजन फक्त 3 किलो, पण बसतो झाकणाच्या टोकाला, बिजागरीपासून 90 सेंटिमीटरवर. म्हणजे 270 ची भर पडली. वजन पाव पटीने वाढले, पण भार जवळजवळ निम्म्याने वाढला. सीसॉच्या टोकाला बसलेले लहान पोर मोठ्याला उचलते, तोच हा नियम. आता प्रत्येक शॉकर 435 न्यूटनचा लागतो, सवलत धरून 500 चा. जुने शॉकर तसेच ठेवून स्पॉयलर लावून देणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ओझे टांगून ठेवणे.

उलट, हवा त्याहून फार ताकदवान शॉकर लावला तर झाकणाचा पत्रा वाकतो, बंद करताना जोर लागतो आणि उघडताना झाकण हनुवटीवर आदळते. म्हणून अंदाज नको, काटा आणि टेप घ्या. शॉकर जोडीनेच बदला. डिकी बंद असताना दांडी खाली राहील असा तो बसवा, म्हणजे तेल सीलपाशी राहते. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि रंगाचा फवारा दांडीवर पडू देऊ नका. जुना शॉकर कापू नका, भोक पाडू नका, आगीत टाकू नका. जोर गेलेला दिसला तरी आत दाब असू शकतो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की, नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. शॉकर बदलणे ही दुरुस्ती झाली, पण गाडीचा आकार किंवा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारावे.

आमचे मत विचाराल तर घरच्या गाडीला हिशेबाने निवडलेले गॅसचे शॉकर सर्वांत सोयीचे. पण सोबत एक साधी सळईही डिकीत असू द्या. आत वाकून काम करायचे असेल, मग झाकण कितीही घट्ट उभे दिसो, आधी सळई लावायची. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे. गॅरेजवाल्या भावांना एवढेच सांगणे आहे की गिऱ्हाईक गाडी सोपवते तेव्हा ती अमानत असते, आणि शिकायला आलेले दुसऱ्याचे मूल तर त्याहून मोठी अमानत. सळईला फार पैसे पडत नाहीत. आजच आपल्या गाडीची डिकी उघडून पाहा, झाकण अर्ध्यावर सोडल्यावर खाली येते की थांबते. अल्लाह सर्वांना सलामत ठेवो.