विश्लेषण : एकाच बागेची वाइन ऑस्ट्रेलियातील लहान वायनरींना तारेल?

ऑस्ट्रेलियात लाल वाइनचा पुरवठा मागणीपेक्षा जास्त झाल्याने द्राक्ष उत्पादक अडचणीत आहेत. अशा वेळी काही लहान वायनरी उत्पादन वाढवण्याऐवजी एकाच बागेची वाइन वेगळी बाटलीबंद करण्यावर भर देतात. त्यामागचे गणित काय?

संकट कशामुळे?
चीन हा ऑस्ट्रेलियन वाइनचा सर्वात किफायतशीर ग्राहक होता. मार्च २०२१ मध्ये चीनने पाच वर्षांसाठी ११६ ते २१८ टक्के शुल्क लादले आणि ही बाजारपेठ जवळपास बंद झाली. मार्च २०२४ मध्ये शुल्क हटले, पण तोवर साठे वाढले होते. शिवाय, जगभरात वाइनचा खपही घटतो आहे.

‘एका बागेची वाइन’ म्हणजे काय?
मोठ्या कंपन्या अनेक भागांतील द्राक्षांचे मिश्रण करून दरवर्षी सारखी चव राखतात. ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार लेबलवर प्रदेशाचे नाव द्यायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे तिथली असावी लागतात. एका बागेची वाइन करणारे उरलेल्या १५ टक्क्यांची सवलत घेत नाहीत. माती, उतार आणि त्या वर्षीचे हवामान चवीत उतरावे, यासाठी नव्या ओक पिंपांचा वापरही अनेक जण बेताने करतात.

जुन्या वेलींचे महत्त्व का?
फायलोक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या. तिथे आता बहुतेक वेली अमेरिकी खुंटांवर कलम केलेल्या आहेत. साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यात कडक निर्बंधांमुळे ही कीड पोहोचली नाही. त्यामुळे बरोसा व्हॅलीत १८४३ च्या सुमारास लावलेल्या वेली आजही स्वमुळांवर फळ देतात. जवळच्या ईडन व्हॅलीतील हेन्श्की कुटुंबाची ‘हिल ऑफ ग्रेस’ ही अशाच जुन्या बागेची प्रसिद्ध वाइन.

धोका कोणता?
एकच बाग म्हणजे पर्याय नाही. गारपीट, दव किंवा वणव्याचा धूर यांनी पीक बिघडले, तर इतर भागांतील द्राक्षे मिसळून सावरता येत नाही. २०११ च्या पावसाळी हंगामात ‘हिल ऑफ ग्रेस’ बाजारात आलीच नाही. मोठे नाव असे वर्ष सोसू शकते. कर्जावर चालणाऱ्या लहान वायनरीला ते जड जाते.

भारताशी संबंध काय?
डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार पाच डॉलरहून अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरील शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर, तर १५ डॉलरहून महाग बाटलीवर ७५ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्के होईल. पाच डॉलरखालील वाइनला सवलत नाही. म्हणजे स्वस्त वाइनच्या लोंढ्यापासून नाशिकच्या उत्पादकांना संरक्षण आहे, पण महागड्या गटात स्पर्धा वाढेल. मात्र आपल्याकडे प्रत्येक राज्यात लेबलची स्वतंत्र नोंदणी आणि शुल्क असते. वर्षाला काही हजार बाटल्या करणाऱ्या वायनरीला हा खर्च परवडणे कठीण. त्यामुळे सवलत कागदावर महाग वाइनला असली, तरी तिचा पहिला लाभ मोठ्या कंपन्यांच्या महाग बाटल्यांनाच मिळण्याची शक्यता अधिक.